पित्ताशयाचं ऑपरेशन, उशिरा कळलेली गळती आणि नुकसानभरपाई: सुरुवात कुठून करू?

निळी शाई (धागाकर्ती)

नमस्कार. इतके दिवस इथे नुसती वाचत होते. पहिला धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

आई ५८ वर्षांची. पित्ताशयात खडे, म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पोट फुगलं, उजवा खांदा दुखायला लागला, अंग गरम. राउंडला आलेले ज्युनिअर डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या वेळी पोटात गॅस भरतात, तोच दुखतोय. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. घरी दोन रात्री ती बसून होती, आडवं झोपताच येत नव्हतं. फोन केला तर "गोळ्या चालू ठेवा". पाचव्या दिवशी डोळे पिवळे दिसले तेव्हा उचलून दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. पोटातून नळी टाकून दीड लिटर पित्त काढलं. पित्तनलिकेला इजा झाली होती. अडीच महिने पोटाला पिशवी लावून काढले, मग पित्तनलिकेला आतडं जोडायचं मोठं ऑपरेशन. दुसरं बिल पहिल्याच्या चौपट.

याला आता १४ महिने झाले. पहिले सर्जन म्हणतात, "हे कॉम्प्लिकेशन आहे, फॉर्मवर तुमची सही आहे." आई म्हणते, "जाऊ दे गं, त्यांनी काय मुद्दाम केलं का?" मला जाऊ द्यायचं नाहीये. पण केस कुठे करतात, वकील लागतो का, सही केल्यामुळे आमचे हात बांधले गेलेत का, काहीच कळत नाही.

—

फटकळ

एफआयआर ठोका. पोलीस दारात आले की पैसे आपोआप निघतात. बाकी सगळं वेळकाढूपणा.

—

काळा कोट

फटकळ, असले सल्ले ऐकून लोक दोन वर्षं घालवतात आणि मग आमच्याकडे येतात.

जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की फौजदारी गुन्ह्यासाठी साधा हलगर्जीपणा पुरत नाही, तो घोर लागतो. दुसऱ्या जाणकार डॉक्टरचं विश्वासार्ह मत जोडल्याशिवाय खासगी तक्रार दाखल करून घ्यायची नाही. पोलिसांनीही आधी निःपक्ष वैद्यकीय मत घ्यायचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ मृत्यू झाला असेल तरच लागू होतं. ताईंच्या आई सुदैवाने आपल्यात आहेत. आणि शिक्षा झाली तरी त्यातून दुसऱ्या हॉस्पिटलचं बिल फिटत नाही.

ताई, मेडिकल कौन्सिलचीही एक वाट आहे. तिथे डॉक्टरची नोंदणी काही काळ निलंबित होऊ शकते. पण कौन्सिल पैसे देववत नाही. तुम्हाला भरपाई हवी आहे, तर जिल्हा ग्राहक आयोग.

मुदत दोन वर्षं. १४ महिने गेलेत, म्हणजे हातात १०. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्याच्या भरवशावर बसू नका. २०१० मधला एक निकाल सांगतो, तोही पित्ताशयाच्याच ऑपरेशनचा. १९९३ मध्ये शस्त्रक्रिया, पोटात गॉज (जखमेला लावायचं जाळीदार कापड) राहिलं, ते २००२ मध्ये सापडलं, तक्रार २००४ मध्ये. बाईंचं म्हणणं, गॉज सापडल्यापासून दोन वर्षं मोजा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, इतकी वर्षं दुखत होतं तर तुम्ही चौकशी का केली नाही? त्या स्वतः नर्स होत्या, हेही अंगाशी आलं. तक्रार मुदतबाह्य ठरली.

—

निळी शाई

बाप रे. आणि ती सही?

—

गुंगी

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे तुमच्या दृष्टीने समोरच्या बाजूचा. तरीही लिहितो.

सही तुम्ही ऑपरेशनच्या धोक्यांना संमती म्हणून केली. हलगर्जीपणाला संमती असं काही नसतं. पण एक गोष्ट पचवायला जड जाईल, ती आधीच सांगतो. पित्तनलिकेला इजा होणं हा या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका आहे. हजारात तीन ते पाच जणांत होतो, अनुभवी हातांतही होतो. तिथली रचना माणसागणिक बदलते, सूज असेल तर नळ्या ओळखू येत नाहीत. "नळी कापली, म्हणून भरपाई द्या" एवढंच लिहिलंत तर समोरचे दोन पुस्तकांची पानं जोडतील आणि तुमची तक्रार तिथेच बसेल.

माझा प्रश्न वेगळा आहे. या ऑपरेशननंतर पेशंट दुसऱ्या दिवशी बरा दिसायला हवा. नुसत्या गॅसने खांदा दुखतो हे खरं, पण त्यासोबत पोट फुगणं, ताप आणि वाढलेली नाडी असेल तर पहिला विचार गळतीचा करायचा. एक सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी. ती केली का? दुपारपासून डिस्चार्जपर्यंत त्यांना कोणी सिनिअर बघून गेलं का? घरून फोन केलात तेव्हा परत बोलावलं का?

तुमची केस सुरीची नाही, त्यानंतरच्या तीन दिवसांची आहे. इजा झाली म्हणून कोणी दोषी होत नाही. ती ओळखायला जे करायला हवं होतं ते केलं नाही, याला उत्तर द्यावं लागतं.

—

पायरी चढलेला

गुंगी यांना १००० मोदक.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी चढलो, वडिलांसाठी, सहा वर्षं. अनुभवातून एकच सांगतो, वकील शोधायच्या आधी केस पेपर काढा. डिस्चार्ज कार्ड नव्हे, आतली पूर्ण फाइल: ऑपरेशनची नोट, भुलीची नोट, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, टीपीआर शीट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदी), औषधांचा तक्ता, संमतीपत्र.

काउंटरवर सांगतील, "पोलीस केस असेल तरच देतो", "सर परगावी आहेत", "रेकॉर्ड रूमची चावी नाही". मला तिन्ही ऐकवली, शेवटचं दोनदा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेप्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली की ७२ तासांत कागद द्यावे लागतात. आणि आंतररुग्णाचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवावं लागतं. अर्ज लेखी करा, आईंच्या सहीने, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागा. शिक्का मारायला नकार दिला तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

दुसऱ्या हॉस्पिटलची फाइलही तेवढीच मोलाची. भरती करताना तिथल्या डॉक्टरने काय लिहिलंय ते बघा.

—

फटकळ

म्हणजे डॉक्टर डॉक्टरच्या विरोधात लिहून देणार? बघितलेत असे डॉक्टर.

—

पायरी चढलेला

मत लिहून द्यायला कोणी सहज तयार होत नाही, हे खरं आहे. मी अकरा जणांकडे गेलो. तोंडी सगळे बोलले, लेटरहेडवर एकही नाही. पण भरती करणारा डॉक्टर त्या रात्री बाजू घेऊन लिहीत नसतो. तो फक्त दिसलं ते लिहितो. माझ्या केसमध्ये सगळ्यात उपयोगी पडली ती अशीच एका रेसिडेंटची चार ओळींची नोट.

—

काळा कोट

आणि तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसमध्ये लागतंच असं नाही. मलेरियाच्या पेशंटला टायफॉइडचे उपचार दिले गेले, त्या व्ही. किशन राव यांच्या केसमध्ये २०१० मध्ये हे स्पष्ट झालं. चूक उघड असेल तर आयोग स्वतः ठरवू शकतो, गुंतागुंतीचं असेल तर तज्ज्ञाकडे पाठवतो. तरीही ताईंच्या केसमध्ये मत मिळालं तर घ्याच.

वकील सक्तीचा नाही, तुम्ही स्वतः तक्रार चालवू शकता. वैद्यकीय केसमध्ये मी तसं सुचवणार नाही, आणि हे धंद्यासाठी म्हणत नाहीये. प्रश्नावली (समोरच्याला विचारायचे लेखी प्रश्न) आणि लेखी युक्तिवाद नवख्याला जमत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कुठल्या आयोगात जायचं ते तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, सेवेसाठी किती मोजले यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हॉस्पिटल कुठेही असो. ऑनलाइन दाखल होते. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच.

—

ओसरी

एक शंका. आमच्या काकूंचं सरकारी रुग्णालयात झालं होतं, एक पैसाही घेतला नाही. त्यांना काहीच नाही का?

—

काळा कोट

१९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाप्रमाणे, जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात ती सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. पण जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना फुकट देतात, तिथे फुकटवालेही ग्राहक. पूर्ण मोफत असेल तर दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका. काकूंसाठी वेगळा धागा काढा, इथे फाटे फोडायला नकोत.

—

निळी शाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. कागद मिळाले. काउंटरवर पोच दिली नाही, स्पीड पोस्टाने अर्ज गेला आणि पाचव्या दिवशी फोन आला, "घेऊन जा." ६२ पानं.

काल रात्री आई झोपल्यावर जेवणाच्या टेबलावर सगळी पानं पसरून बसले. गुंगींचे प्रश्न डोक्यात होते, म्हणून एका वहीत उभ्या रेघा मारून वेळ, ताप, नाडी, कोणी पाहिलं असे रकाने केले.

दुसरा दिवस, दुपारी २: ताप १००.२, नाडी १०४. संध्याकाळी ६: ताप १०१, नाडी ११२, "पोट फुगलेले, पेशंटची तक्रार". रात्री १०: नाडी ११६, "डॉक्टरांना फोनवर कळवले, पेनकिलर द्यायला सांगितले". डिस्चार्जच्या दिवशी सकाळी ६: ताप १०१.४, नाडी ११८. हे सगळं नर्सच्या हातचं, बारीक, तिरकं, प्रत्येक नोंदीखाली सही.

आणि त्याच दिवशी सकाळी ११ चं छापील डिस्चार्ज कार्ड: "ताप नाही. नाडी ८२. पोट मऊ. प्रकृती स्थिर."

दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि किती वेळ नुसती बघत राहिले. आईला मी तेव्हा "थोडं सहन कर, सगळ्यांना दुखतं" म्हणाले होते. ती नर्स मात्र दर चार तासांनी लिहून ठेवत होती.

—

गुंगी

ताई, तुम्ही घरच्या आहात. नाडी मोजणं तुमचं काम नव्हतं.

ही दोन पानं म्हणजे तुमची केस आहे. बहुतेक ठिकाणी डिस्चार्ज कार्डाचा साचा कॉम्प्युटरवर तयार असतो, नाव आणि तारीख बदलतात. ८२ नाडी तशीच आली असावी. आमच्या पेशातली ही वाईट सवय आहे आणि मीही कधीकाळी केली आहे.

दुसऱ्या हॉस्पिटलच्या नोटमध्ये काय आहे?

—

निळी शाई

"ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून पोटदुखी व ताप. पोट ताठ. बिलिरुबिन वाढलेले. पित्तगळतीची शंका." रात्री ९.४० ला भरती आणि नोट १० ची. म्हणजे वीस मिनिटांत त्यांना शंका आली.

—

पायरी चढलेला

ती वीस मिनिटं तक्रारीत ठळक लिहा.

—

काळा कोट

आता रकमेबद्दल. लोक एक गोल आकडा लिहितात, ५० लाख, १ कोटी, आणि खाली आधार काही नाही. कलमवार मांडा: दुसऱ्या हॉस्पिटलची बिलं, औषधं, ड्रेसिंग, प्रवास, सोबतीच्या माणसाचा बुडालेला पगार, पुढच्या तपासण्या, शारीरिक-मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च, आणि व्याज. आई काही काम करतात का?

—

निळी शाई

घरून शिवणकाम करायची. हिशोबाची वही आहे, बाकी कागद नाही. आता मशीनवर तासभरही बसवत नाही.

—

काळा कोट

ती वही जोडा. दोन-तीन गिऱ्हाइकांची शपथपत्रं घ्या. आणि घरकाम फुकटचं धरू नका, लता वाधवा निकालापासून, म्हणजे २००१ पासून, न्यायालयं गृहिणीच्या कामाचीही किंमत धरतात.

अपेक्षा मात्र जमिनीवर ठेवा. वर्तमानपत्रात येतो तो चुकीच्या उपचारांनी दगावलेल्या अनुराधा साहा यांच्या प्रकरणाचा आकडा, सुमारे ६ कोटी अधिक व्याज. तो अपवाद आहे. त्यांचा मृत्यू १९९८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा रकमेचा निकाल २०१३ मध्ये. मधली वर्षं मोजा. मांडीचं हाड मोडलेल्या तरुणाला भूल न देता जोर लावून पाय ओढला आणि तो दगावला, ते जोशी विरुद्ध गोडबोले प्रकरण १९५३ चं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ मध्ये, भरपाई ३,००० रुपये. तिथेही पंधराच वर्षं. आमच्या चेंबरमध्ये हा कडू विनोद चालतो.

अर्थात प्रत्येक केस दिल्लीपर्यंत जात नाही. पण जिल्हा आयोगात जिंकलात की समोरचे अपिलात जाऊ शकतात हे धरून चला. अपिलासाठी त्यांना निम्मी रक्कम आधी भरावी लागते, तेवढाच चाप.

—

फटकळ

पंधरा वर्षं! तोवर डॉक्टर रिटायर. न्यूझीलंडला म्हणे चूक कोणाची हे न बघताच पैसे देतात.

—

दूरदेशी

मी तिथेच राहतो. १९७४ पासून अपघात भरपाईची सरकारी योजना आहे. उपचारातून इजा झाली की अर्ज करायचा, डॉक्टरचा दोष सिद्ध करावा लागत नाही. बदल्यात त्या इजेच्या भरपाईसाठी डॉक्टरवर दावा लावता येत नाही. पैसे लवकर मिळतात हे खरं. पण "माझ्या बाबतीत चुकलं कोण?" हा प्रश्न घेऊन बसलेली माणसं इथेही भेटतात.

—

निळी शाई

नवीन घडामोड. वकिलांची नोटीस गेली आणि हॉस्पिटलच्या मॅनेजरचा फोन आला. पहिलं बिल पूर्ण परत करतो म्हणाले. सोबत एक पानाचा मसुदा: "माझी हॉस्पिटल व डॉक्टरांविरुद्ध कोणतीही तक्रार उरलेली नाही व भविष्यात राहणार नाही." आई म्हणतेय घेऊन टाकू. तिला तारखांची भीती वाटते. खरं सांगायचं तर मलाही मोह होतोय.

—

पायरी चढलेला

मोह होणं चूक नाही. मला चौथ्या वर्षी अशी ऑफर आली होती, मी रागात धुडकावली. शेवटी मिळालेली रक्कम तिच्यापेक्षा फार जास्त नव्हती. पण राग धरला होता याचा पश्चात्ताप पाचव्या वर्षी झाला, सहाव्या वर्षी नाही. कसं सांगू, हिशोबात बसत नाही ते.

—

गुंगी

तडजोड करा अथवा करू नका, पण एक लक्षात ठेवा. आतडं जोडलेली जागा काही वर्षांनी आकसू शकते. तसं झालं तर पुन्हा ताप, कावीळ, पुन्हा प्रोसिजर. "भविष्यात राहणार नाही" या शब्दांत तो सगळा खर्च तुमच्या पदरात पडतो. पहिलं बिल परत म्हणजे चौपट बिलातला पाव भाग.

—

काळा कोट

बहुतेक डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असतो, त्यामुळे पैसे विमा कंपनीच्या खिशातूनही येऊ शकतात. तिला सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) करता येतं. तडजोड आयोगासमोर मध्यस्थीतही होते, म्हणजे तक्रार दाखल केली की दार बंद झालं असं नाही.

आणि ताई, तक्रारदार तुमची आई आहे. पेशंट त्या, सही त्यांची. निर्णयही त्यांचाच. तुम्ही वहीतले रकाने त्यांना दाखवलेत का?

—

निळी शाई

नव्हते दाखवले. आज दाखवले. चष्मा लावून तिने एकेक ओळ बोटाने वाचली. रात्री १० च्या नोंदीवर थांबली आणि म्हणाली, "ती केरळची मुलगी होती. तीनदा फोन लावला होता तिने माझ्यासमोर." पुढे काहीच बोलली नाही. मसुद्यावर सही मात्र केली नाही.

—

निळी शाई

बऱ्याच महिन्यांनी धागा वर काढतेय. अनेकांनी निरोपात विचारलं म्हणून.

मुदत संपायच्या चार महिने आधी तक्रार दाखल झाली. हॉस्पिटल, सर्जन आणि विमा कंपनी असे तीन सामनेवाले. पहिल्या तारखेला नुसती नोटीस काढली, पंधरा मिनिटांचं काम आणि दिवस गेला. नोटीस पोचल्यापासून ३० दिवस आणि आयोगाने दिले तर आणखी १५, एवढ्यात त्यांना लेखी जबाब द्यायचा होता. ४३व्या दिवशी आला, मुदतवाढीच्या अर्जासकट.

२२ पानं. बरीचशी पुस्तकातली, इजा हा माहीत असलेला धोका आहे वगैरे. गुंगी, तुम्ही म्हणाला होतात तेच शब्द. पण परिच्छेद ९ मध्ये लिहिलंय की पेशंटला आणखी दोन दिवस थांबायचा सल्ला दिला होता, नातेवाइकांनीच आग्रह करून डिस्चार्ज घेतला.

मी ६२ पानं परत चाळली. सल्ल्याविरुद्ध जात असल्याचा कागद नाही, आमची सही नाही, तशी एक ओळही नाही.

आईला वाचून दाखवलं. इतके दिवस जी "त्यांनी काय मुद्दाम केलं का" म्हणत होती, तिने परिच्छेद ९ दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "पुढची तारीख कधी आहे?"

काळा कोट, आमच्या वकिलांनी प्रत्युत्तराचं शपथपत्र द्यायचं म्हटलंय. त्यात काय यायला हवं?

—

काळा कोट

परिच्छेद ९ ला लांबलचक उत्तर नको. "सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जचा कागद सामनेवाल्यांनी हजर करावा", एवढंच. त्याखाली नर्सिंग चार्ट आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी-शेजारी छापा, पान क्रमांकासह. रात्री १० ची नोंद करणाऱ्या नर्सला प्रश्नावली पाठवता येईल का ते वकिलांना विचारा, ती नोकरी सोडून गेली असली तरी.

आणि तारखेला आईंना घेऊन जा, त्यांना यायचं असेल तर.